मिठाने विझणारी निळाई

टॉनिक वॉटरची बाटली अंधारात, नोटा तपासायच्या अतिनील दिव्यासमोर धरली की आतले पाणी निळसर उजळते. तो उजेड त्यातल्या क्विनाइनचा. आपल्या आजी-आजोबांच्या बोलीत कोयनेलचा. हे पाणी पेल्यात ओतून त्यात चमचाभर मीठ टाकावे. आधी फेस उसळेल. तो बसला की दिसेल, निळाई पार उतरली आहे. शेजारच्या पेल्यात तेवढीच साखर विरघळवली तर उजेडाला धक्का लागत नाही. मिठातल्या सोडियमचाही यात हात नाही. चमक घालवली ती क्लोराइडने. म्हणजे पाण्यात क्लोराइड आले आहे, ही खबर एका रेणूने स्वतः विझून दिली.

क्लोराइड, फ्लोराइड, फॉस्फेट, सल्फेट अशा ऋण आयनांना धरून ठेवणारे आणि धरल्याची वर्दी प्रकाशाने देणारे रेणू आता प्रयोगशाळांत ठरवून घडवले जातात. त्यांच्यावरच्या शोधनिबंधांचा ढीग मोठा आहे. या कुळाची वंशावळ मात्र सरळ नाही. ती दोन घराण्यांची आहे: एक चमकणाऱ्या रेणूंचे, दुसरे धरून ठेवणाऱ्या रेणूंचे. दोन्ही घराणी एकोणिसाव्या शतकातच नांदत होती, एका ठिकाणी तर एकाच माणसाच्या हातून दोन्हींत भर पडली, आणि तरी त्यांची सोयरीक जुळायला शंभराहून अधिक वर्षे गेली. सोयरीक झाल्यावरही, माझ्या मते, सर्वांत कामाचा निघाला तो चमकणाऱ्यांच्या जुन्या घराण्यातला वंशज. त्याला धरून ठेवणे येतच नव्हते.

चमकणाऱ्यांचा धागा मेक्सिकोपर्यंत मागे जातो. तिथल्या एका झाडाचे लाकूड मूत्रपिंडाच्या विकारांवर औषध म्हणून युरोपात येई. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ मध्ये लिहून ठेवले की या लाकडाच्या ढलप्या पाण्यात ठेवल्या की पाण्यावर निळी झाक येते. उजेडाच्या आड धरले तर तेच पाणी सोनेरी दिसे. शंभर वर्षांनी, १६६४ मध्ये, रॉबर्ट बॉइलने रंगांवरच्या आपल्या ग्रंथात याच पाण्याशी बराच खेळ मांडला. थोडे आम्ल टाकले की निळा रंग नाहीसा होतो, अल्कली टाकली की परत येतो, हे त्याने पाहिले. आम्ल की अल्कली हे ओळखायची खूण म्हणून ते वापरता येईल, हेही त्याच्या ध्यानात आले. चमकेवरून द्रावणातली गोष्ट ओळखण्याचा हा माझ्या माहितीतला सर्वांत जुना प्रयत्न. त्या पाण्यात चमकत होते काय, हे स्पॅनिश रसायनज्ञांनी २००९ मध्ये नक्की केले. लाकडातला एक पदार्थ पाण्यात हवेच्या संपर्काने बदलतो आणि त्यातून मॅटलालाइन नावाचा चमकणारा रेणू तयार होतो. साडेचारशे वर्षांच्या कोड्याला साजेसे असे हे उत्तर: ती निळाई लाकडात तयार बसलेली नव्हती, पेल्यात घडत होती.

क्विनाइन सिंकोनाच्या सालीतून वेगळे झाले १८२० मध्ये, पॅरिसला, पेलेतिए आणि काव्हांतू यांच्या हातून. त्याच्या द्रावणाच्या पृष्ठभागाशी दिसणाऱ्या निळ्या पट्ट्याकडे जॉन हर्शेलने १८४५ मध्ये लक्ष वेधले. पण त्याचा उलगडा केला केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने, १८५२ मध्ये. त्याची मांडणी ऐकून आजचा संशोधक हसेल. सूर्यप्रकाश चर्चच्या खिडकीसारख्या गडद निळ्या काचेतून आत घ्यायचा, म्हणजे पुढे जातात ते निळे-जांभळे आणि न दिसणारे अतिनील किरण. हा झोत क्विनाइनच्या द्रावणावर पाडायचा आणि द्रावणाकडे पाहायचे ते पिवळसर वाइनच्या पेल्यातून. निळ्या काचेतून आलेला प्रकाश वाइन अडवते. म्हणजे डोळ्यापर्यंत काळोख पोचायला हवा. पण द्रावण उजळलेले दिसते. याचा अर्थ आत गेलेला प्रकाश बाहेर येताना बदलला, त्याची तरंगलांबी वाढली. आजच्या फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपमध्ये महागाच्या दोन फिल्टरमधून जे होते ते एवढेच.

मिठाची गोष्ट त्याने १८६९ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. क्विनाइन सौम्य सल्फ्यूरिक आम्लात छान चमकते, पण हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की चमक मरते. दोन्ही आम्लेच, मग फरक कशाचा? फरक आम्लासोबत येणाऱ्या ऋण आयनाचा. सल्फेट निरुपद्रवी, क्लोराइड घातक; ब्रोमाइड, आयोडाइड त्याहून घातक. कारण आता ठाऊक आहे. प्रकाश शोषून उत्तेजित झालेले क्विनाइनचे कडे इलेक्ट्रॉनला हपापलेले असते. अशा क्षणी क्लोराइड येऊन आदळला तर त्याचा इलेक्ट्रॉन क्षणभर ओढला जातो, आणि प्रकाश होऊन बाहेर पडायची ऊर्जा उष्णता होऊन विरते. आयोडाइड इलेक्ट्रॉन सहज सोडतो, क्लोराइड जरा नाखुशीने, फ्लोराइड तर मुळीच नाही. नुसती टक्कर पुरते. पकडून ठेवायची गरज नाही. ऑटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये या विझण्याचे साधे समीकरण दिले: विझवणारा जितका दाट, तितका उजेड कमी.

समीकरण हातात आले, तरी क्लोराइड मोजायला ते कोणी लगेच वापरले नाही. आणि का वापरावे? चांदीच्या नायट्रेटचे दोन थेंब टाकले की क्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो, शाळेतल्या पोरालाही दिसतो. क्विनाइन हवे होते ते हिवतापासाठी. स्टोक्स हे लिहीत होता त्या दशकात निलगिरीच्या उतारांवर सिंकोनाची लागवड उभी राहत होती, आणि पुढे बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून पैशाच्या पुड्यांनी क्विनाइन विकले गेले. चमकेचे विझणे ही मोजणाऱ्याच्या वाटेतली कटकट ठरली. मोजताना भांड्यात मीठ राहू देऊ नका, एवढाच त्याचा उपयोग.

आता बायरकडे वळू. आडॉल्फ फॉन बायर हे नाव रसायनाच्या विद्यार्थ्याला नीळ आणि बार्बिट्युरिक आम्लासाठी पाठ असते. त्याने १८७१ मध्ये फ्थॅलिक ॲनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल यांच्यापासून फ्लुओरेसीन बनवले. हिरवट पिवळी, डोळ्यांत भरणारी त्याची चमक; डोळ्यांचे डॉक्टर आजही बुबुळावरचा ओरखडा पाहायला ते वापरतात. आणि १८८६ मध्ये याच माणसाने पायरोल आणि ॲसिटोन आम्लाच्या संगतीत एकत्र केले, तेव्हा एक पांढरा स्फटिकी पदार्थ हाती लागला. चार पायरोल कड्याने जोडलेले, प्रत्येकाला एक नायट्रोजन, प्रत्येक नायट्रोजनला एक हायड्रोजन. या पदार्थाची नोंद झाली आणि तो कपाटात गेला. पुढची एकशे दहा वर्षे तो ऋण आयन धरू शकतो हे कोणी तपासले नाही. तपासण्याइतके अवघड त्यात काहीच नव्हते. प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

धन आयनांच्या बाबतीत असे झाले नाही. बाझेलच्या फ्रीडरिश गोपेल्सरोडरने १८६७ मध्येच दाखवले की मोरिन हे पिवळे वनस्पतिरंगद्रव्य ॲल्युमिनियमच्या संगतीत हिरवे चमकते, आणि त्यावरून ॲल्युमिनियम ओळखता येते. तिथून धातूंच्या आयनांसाठी वाट मोकळी होती. धातूचा आयन लहान, गोल, धनभारित. नायट्रोजन किंवा ऑक्सिजनने इलेक्ट्रॉनची जोडी पुढे केली की तो येऊन चिकटतो.

ऋण आयनाचे तसे नाही. ऋण आयनांत सर्वांत लहान फ्लोराइड, तोच मुळी पोटॅशियमच्या आयनाएवढा. क्लोराइड त्याहून बराच थोर. आकार पाहावेत तर क्लोराइड गोल, अझाइड काडीसारखा सरळ, नायट्रेट चपटा त्रिकोणी, सल्फेट चार कोनांचा. फॉस्फेट तर पाणी किती आम्लधर्मी यावर आपले रूपच बदलते. त्यातून हे सगळे पाण्याच्या रेणूंनी घट्ट वेढलेले. धरायचे तर फार तर हायड्रोजन बंधांनी किंवा धनभाराच्या ओढीने, आणि पाणी स्वतः हायड्रोजन बंधांचे आगर. म्हणजे ऋण आयन धरणाऱ्या रेणूची स्पर्धा इतर आयनांशी नंतर, आधी पाण्याशी. ही एक अडचण लक्षात ठेवली तर पुढचा सगळा इतिहास नीट कळतो.

धरून ठेवणाऱ्यांच्या घराण्याची आधुनिक सुरुवात अमेरिकेत, ड्यूपाँ कंपनीत झाली. तिथल्या चार्ल्स पेडरसनने १९६७ मध्ये क्राउन ईथर जाहीर केले, पोटॅशियमला कड्यात बसवणारे. त्याची कीर्ती झाली, १९८७ चे नोबेल मिळाले. क्राउन ईथर जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, त्याच कंपनीतल्या सी. एच. पार्क आणि एच. ई. सिमन्स यांनी दोन नायट्रोजन तीन लांब साखळ्यांनी जोडून पिंजरा बनवला. आम्लात दोन्ही नायट्रोजनांवर प्रोटॉन बसले आणि ते दोन एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन) बंध आतल्या बाजूला तोंड करून राहिले, की मधे क्लोराइड जाऊन बसतो. कृत्रिम रेणूने ऋण आयन पोटात घेतल्याचा हा पहिला दाखला. तो खरोखर आत बसतो हे क्ष-किरणांनी दाखवायला १९७५ उजाडले. पेडरसनच्या शोधामागे जग धावले. या शोधाकडे जगाने जवळपास पाठच फिरवली. अपवाद स्ट्रासबर्गच्या झाँ-मारी लेनचा. त्याने १९७६ मध्ये क्लोराइडसाठी आणखी गोलसर पिंजरा रचला आणि १९७८ मध्ये अझाइडच्या सरळ काडीसाठी लांबट. आयन ज्या आकाराचा, त्या आकाराची पोकळी, हे तत्त्व तिथे पक्के झाले.

या कामाला खरा धक्का दिला तो जीवशास्त्राने. ह्यूस्टनच्या फ्लोरांते किओचोच्या गटाने १९८५ मध्ये साल्मोनेला जिवाणूतल्या सल्फेट वाहून नेणाऱ्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. अपेक्षा अशी की दोन ऋणभारांच्या सल्फेटला आवरायला प्रथिनाने धनभाराची फौज उभी केली असेल. प्रत्यक्षात सल्फेटला थेट भिडलेला धनभारित गट एकही नव्हता, पाण्याचा एक रेणूही नव्हता. होते ते सात हायड्रोजन बंध. पाण्याला पूर्ण बाहेर ठेवले आणि नेमके बंध नेमक्या जागी लावले की साधे हायड्रोजन बंधही पुरतात, हा त्यातला धडा. पुढे फॉस्फेटच्या प्रथिनात बारा हायड्रोजन बंध सापडले. फॉस्फेटवर प्रोटॉन असतो, सल्फेटवर नसतो. तेवढ्या खुणेवर ते प्रथिन सल्फेटला दारातून परत पाठवते. युरिया आणि थायोयुरियाचे दोन-दोन एन-एच लावून पुढे जे शेकडो कृत्रिम ग्राही रेणू बनले, त्यांना यातून मोठे बळ मिळाले.

आता सोयरीक. धरले, हे ठीक. पण धरल्याचे उजेडाला कळवायचे कसे? याचे सर्वांत सुबक उत्तर कोलंबोहून आले. ए. प्रसन्न डी सिल्व्हा बेलफास्टला पीएच.डी. करून कोलंबो विद्यापीठात परतला होता. त्याने आणि रूपसिंघे यांनी १९८५ मध्ये तीन भागांचा रेणू मांडला: चमकणारा भाग, मधे छोटा दुवा, आणि पलीकडे धरणारा नायट्रोजन. चमकणाऱ्या भागाने प्रकाश घेतला की त्याच्यात इलेक्ट्रॉनची एक जागा रिकामी होते. पलीकडच्या नायट्रोजनकडे मोकळी जोडी असतेच. त्यातला इलेक्ट्रॉन दुव्यावरून उडी मारून त्या जागेत येतो आणि चमक बंद. पण नायट्रोजनवर प्रोटॉन बसला तर जोडी अडकते, उडी थांबते, दिवा लागतो. विझलेला असताना आयन आला की पेटणारा, असा दिवा आता आराखडा काढून बनवता येऊ लागला. डी सिल्व्हा पुढे बेलफास्टला गेला. या वाटेवरून निघालेले सोडियम-पोटॅशियमचे सेन्सर रुग्णालयांतल्या रक्ततपासणी यंत्रांत जाऊन बसले. हे सगळे धन आयनांचेच.

ऋण आयनासाठी तोच खटका कसा लावायचा, हे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अँथनी चार्निकने १९८९ मध्ये दाखवले. त्याची युक्ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. अँथ्रासिन हा निळा चमकणारा सपाट रेणू; त्याला नायट्रोजनांची फांदी असलेली साखळी. आम्लता थोडी, पीएच ६ च्या आसपास ठेवली की साखळीतल्या टोकाकडच्या नायट्रोजनांवर प्रोटॉन बसतात, पण अँथ्रासिनला सर्वांत जवळचा नायट्रोजन मोकळाच राहतो. तोच मोकळा नायट्रोजन इलेक्ट्रॉन ढकलून दिवा विझवून ठेवतो. आता फॉस्फेट येते. त्याच्या तीन ऑक्सिजनांना साखळीतले धनभारित नायट्रोजन धरतात, आणि चौथ्या ऑक्सिजनवरचा स्वतःचा प्रोटॉन फॉस्फेट त्या मोकळ्या नायट्रोजनपुढे धरते. नायट्रोजनची जोडी त्यात गुंतते, उडी थांबते, अँथ्रासिन उजळते. पकडलेल्या पाहुण्याने स्वतःच दिव्याचे बटण दाबावे, तसे हे. आणि हे सगळे पाण्यात. याच घरातल्या थोरल्या भावाने, दोन साखळ्यांच्या रेणूने, १९९४ मध्ये पायरोफॉस्फेटला साध्या फॉस्फेटपासून दोन हजारांहून अधिक पटींनी वेगळे ओळखले आणि पायरोफॉस्फेट तोडणाऱ्या एन्झाइमचे काम चालू असताना मोजून दाखवले. एवढी काटेकोर अक्कल इतक्या छोट्या रेणूत असते, हे वाचून मला अजूनही नवल वाटते. गंमत अशी की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निघालेल्या कित्येक रेणूंनी पाणी सोडून दिले आणि सेंद्रिय द्रावकांत सुखाने नांदले.

त्याच सुमारास टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये जोनाथन सेसलर पोर्फिरिनचे थोरले भावंड शोभेल अशा सॅफायरिनवर काम करत होता. १९९० मध्ये त्याच्या स्फटिकात, कड्याच्या बरोबर मध्यभागी, फ्लोराइड बसलेला सापडला. तो मुद्दाम ठेवलेला नव्हता. या अनपेक्षित पाहुण्यानंतर पायरोलच्या एन-एचकडे ऋण आयन धरणारे हात म्हणून पाहायला सुरुवात झाली, आणि अखेर १९९६ मध्ये सेसलर, फिलिप गेल आणि सहकाऱ्यांनी बायरचा तो १८८६ चा पांढरा पदार्थ पुन्हा बाहेर काढला. फ्लोराइड आला की चारही पायरोल वळतात, चारही एन-एच एकाच बाजूला तोंड करतात आणि वाटीसारख्या आकारात आयन धरला जातो. त्यानंतर या वाटीला चमकणारे भाग जोडायची चढाओढ लागली. २००० मध्ये पावेल आंझेनबाखर आणि सेसलर यांनी तिला जोडलेल्या तीन रंगद्रव्यांत एक होते फ्लुओरेसीन. बायरची १८७१ ची चमक आणि बायरचीच १८८६ ची वाटी अशी एका रेणूत आली. या कुळात बायरला मूळपुरुष म्हणायला हरकत नाही, फक्त त्याला स्वतःला याचा पत्ता नव्हता.

फ्लुओरेसीनला ऑस्टिनमध्येच आणखी एक काम मिळाले. एरिक अँस्लिन आणि ॲक्सेल मेट्झगर यांनी १९९८ मध्ये फळांचे रस आणि स्पोर्ट्स ड्रिंकमधले सायट्रेट मोजले ते रंगद्रव्य ग्राही रेणूला न जोडताच. ग्राहीच्या पोकळीत कार्बॉक्सिफ्लुओरेसीन आधी बसवून ठेवायचे. सायट्रेट आले की ते उठते आणि त्याचे उठणे मोजायचे. एसटीत सीटवर ठेवलेला रुमाल आणि मग येणारा हक्काचा प्रवासी, एवढा हा साधा हिशोब. रेणू घडवण्याची निम्मी मेहनत यात वाचते, म्हणून ही पद्धत मला बाकी सुबक रेणूंपेक्षा शहाणपणाची वाटते.

पण आयन धरणाऱ्या या सगळ्या देखण्या मंडळींना जिवंत पेशीत क्लोराइड मोजता येत नव्हते. पाणी, प्रथिने, इतर आयन, सगळे आडवे येत. तिथे उपयोगी पडले कोयनेलचे नातवंड. ऑस्ट्रियात ग्राझला ओटो वोल्फबाइस याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्विनोलिनियम जातीचे रेणू हॅलाइड मोजायला वापरायची वाट घातली. १९८७ मध्ये निकोलस इल्सली आणि ॲलन व्हर्कमन यांनी एसपीक्यू हा रेणू पेशीसाठी पुढे आणला. क्विनाइनचा चमकणारा भाग म्हणजे मेथॉक्सी-क्विनोलिनचे कडे; एसपीक्यूमध्ये ते कडे जसेच्या तसे आहे, बाकीचा भाग कापून टाकलेला. क्विनाइनला धनभार यायला आम्ल लागते, म्हणून स्टोक्सला सल्फ्यूरिक आम्ल घ्यावे लागले होते. एसपीक्यूच्या नायट्रोजनवर कायमची साखळी बसवल्याने धनभार पक्का झाला, आणि पेशीतली आम्लता बदलली तरी वाचनात गोंधळ होईनासा झाला. बाकी तत्त्व तेच: क्लोराइडची टक्कर, चमकेचा ऱ्हास. पेशीच्या आत त्याची धार पाण्यातल्यापेक्षा बरीच बोथट होते, हे खरे, पण चालते.

आणि वेळ नेमकी साधली. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे जनुक १९८९ मध्ये सापडले. या मुलांचा घाम खारट, फुप्फुसात चिकट कफ, कारण पेशीच्या पडद्यातले क्लोराइडचे दार बिघडलेले. चांगले जनुक पेशीत घातले तर दार सुधारते का, हे १९९० मध्ये तपासले गेले तेव्हा एसपीक्यू हजर होते. पेशीत आधी आयोडाइड भरून ठेवायचे, म्हणजे सगळे काळोखे. मग बाहेरचे पाणी बदलून नायट्रेटचे करायचे; नायट्रेट चमकेला हात लावत नाही. दार उघडे असेल तर आयोडाइड बाहेर पडतो, नायट्रेट आत येतो आणि पेशी मायक्रोस्कोपखाली हळूहळू उजळू लागते. दार बंद असेल तर काळोख तसाच. चांगले जनुक मिळालेल्या पेशी उजळल्या. स्टोक्सने ज्या फरकाची नोंद केली होती, एक ऋण आयन विझवतो आणि दुसरा नाही, त्या फरकावर एका रोगाचा निवाडा असा झाला.

या शाखेत पुढे भारतीय नावही आहे. यमुना कृष्णन आणि सहकाऱ्यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून आणि मग शिकागोतून २०१५ मध्ये क्लेन्सर मांडला: डीएनएच्या छोट्या सांगाड्यावर एक क्लोराइडने विझणारे रंगद्रव्य आणि शेजारी तुलनेसाठी न विझणारे दुसरे. दोन्हींचे गुणोत्तर काढले की सेन्सर किती पोचला याची चिंता उरत नाही. डीएनए असल्यामुळे तो पेशीतल्या ठरावीक कप्प्यात पाठवता येतो. पेशीची कचरापेटी म्हणून हिणवल्या गेलेल्या लायसोसोममध्ये क्लोराइड किती दाट असते आणि ते उतरले की लायसोसोमचे काम कसे ढासळते, हे त्यातून २०१७ मध्ये समोर आले. विझणारे रंगद्रव्य अजूनही पकडणारे नाही, धडकून विझणारेच.

पकडणाऱ्यांची उंची कमी झाली असे नाही. इंडियाना विद्यापीठाच्या अमर फ्लडने २०१९ मध्ये फक्त कार्बन-हायड्रोजन बंधांचा पिंजरा करून क्लोराइड इतका घट्ट धरला की एक अब्जांश मोलचा एक अब्जांश भाग सांद्रतेलाही सुटू नये. फक्त हे डायक्लोरोमिथेनमध्ये, पाण्यात नव्हे.

राहिला फ्लोराइड, ज्याच्यापुढे क्विनाइनची युक्ती हात टेकते. इथे गेल्या पंचवीस वर्षांत सर्वांत जास्त सेन्सर निघाले आणि, माझे मत विचाराल तर, सर्वांत जास्त फसगतही झाली. युरिया किंवा थायोयुरियाचा रेणू सेंद्रिय द्रावकात घ्यायचा, फ्लोराइडचे क्षार टाकायचे, रंग फिरतो किंवा चमक पालटते. फोटो सुंदर येतात. पण कोरड्या द्रावकात फ्लोराइड हा जबर अल्कली असतो. इटलीत पाव्हियाच्या लुइजी फाब्रित्सीच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की पुष्कळदा फ्लोराइड एन-एचला धरत नाही, त्याचा प्रोटॉनच पळवतो. मग दिसतो तो रंगबदल आयन पकडल्याचा नसून प्रोटॉन गेल्याचा. म्हणजे बॉइलच्या पेल्यात जे झाले तेच, तीनशे चाळीस वर्षांनी, फ्लोराइडच्या नावावर. असे रेणू निरुपयोगी नसतात, पण त्यांना फ्लोराइडचा सेन्सर म्हणणे जरा धाडसाचे.

भारतातही या विषयावर भरपूर काम झाले. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत अमिताव दास यांच्या गटाने युरिया-थायोयुरियाचे फ्लोराइड ओळखणारे रेणू केले, पवईच्या आयआयटीत सी. पी. राव यांनी कॅलिक्सारीनवर जस्त बसवून फॉस्फेट ओळखले. आपल्याकडे फ्लोराइडची गरज पुस्तकी नाही. नेल्लोर जिल्ह्यातल्या हाडांच्या विकाराचे मूळ फ्लोराइडमध्ये असल्याचे १९३७ मध्येच छापून आले. यवतमाळ, चंद्रपूरच्या कित्येक गावांत बोअरचे पाणी पिऊन दातांवर तपकिरी पट्टे आणि पुढे सांध्यांचे आखडणे, हे नवे नाही. तुरटी आणि चुना टाकून फ्लोराइड उतरवण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरीने बसवली, पण आधी तो किती आहे हे कळायला हवे. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५.

ती मोजायला जिल्हा प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड असतो, किंवा १९५८ पासून चालत आलेली स्पॅडन्सची रीत. तिच्यात झिर्कोनियमला बांधलेले लाल रंगद्रव्य असते. फ्लोराइड येऊन झिर्कोनियम घेऊन जातो आणि लाली उतरते. अँस्लिनच्या सायट्रेटआधी चाळीस वर्षे हीच रुमालाची युक्ती होती, आणि ती पाण्यात चालते. तिच्यातही त्रुटी आहे: पाण्यात बायकार्बोनेट किंवा फॉस्फेट जास्त असले की आकडा हलतो. घडवलेल्या रेणूंपैकी पाण्यात उतरले ते प्रामुख्याने हायड्रोजन बंध सोडून फ्लोराइडशी थेट रासायनिक बंध करणारे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या फ्रांस्वा गाबाई याने धनभारित बोरॉनचे रेणू करून पाण्यातला फ्लोराइड पकडला, अमेरिकेच्या लिटरला ४ मिलिग्रॅमच्या मर्यादेखालीही.

आपली मर्यादा त्याच्या चौथाई आहे. लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ५३ मायक्रोमोल, आणि ज्या विहिरीत फ्लोराइड चढलेला असतो तिथे कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट सहसा त्याच्या कितीतरी पट. त्या गर्दीतून फ्लोराइड वेगळा काढून, बोअरवर उभ्या असलेल्या ग्रामसेवकाला उन्हात दिसेल असा उजेड देणारा रेणू हवा आहे, आणि त्याची किंमत स्पॅडन्सच्या बाटलीइतकी असली पाहिजे.